दर्शनाची मर्यादा

देवळात जाणाऱ्या माणसाला दूर उभे राहण्याचे शिक्षण लहानपणीच मिळते. गर्भकुडीचा उंबरठा आपण ओलांडीत नाही. नैवेद्याच्या वेळी दार लोटून घेतले की चौकात मुकाट्याने बसून राहतो. पालखी निघण्याची जी वेळ पुजारी सांगेल तीच खरी मानतो. ‘मी इतक्या दुरून आलो, दक्षिणाही ठेवली, तेव्हा देवाने मला आत्ताच दर्शन दिले पाहिजे,’ असे म्हणणारा भाविक आमच्या तरी पाहण्यात नाही. परंतु हाच माणूस देवळाबाहेर, सृष्टीच्या दाराशी उभा राहिला म्हणजे त्याची ही रीत कोठे जाते, असा प्रश्न गेल्या पौषात आम्हांस पडला. तो प्रथम स्वतःविषयीच पडला, म्हणूनच तो वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहोत.

निमित्त घडले ते राजस्थानातील एका दिवसाच्या सहलीचे. जैसलमेर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटरांचा एक प्रदेश १९८० साली वन्य जीवांसाठी राखण्यात आला. लोक त्यास मरु राष्ट्रीय उद्यान म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते आजही अभयारण्यच मानले जाते, कारण त्याच्या पोटात अनेक गावे आणि ढाण्या नांदत आहेत. आम्ही सहाजण होतो. बेळगावचे एक दांपत्य, इंदूरचे दोघे सद्गृहस्थ, आणि फोंड्याकडून आम्ही उभयता. एक उघडी जीप, एक स्थानिक वाटाड्या, वनखात्याची परवानगी, आणि पहाटेची हाडे गोठविणारी थंडी, एवढ्या सामग्रीनिशी आम्ही जैसलमेर सोडले.

वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा सागर, अशी आमची समजूत होती. ती पहिल्या तासातच गळून पडली. टेकड्या आहेत, पण त्या प्रदेशाचा थोडाच भाग व्यापतात. उरलेली भूमी खडकाळ, सपाट, सेवण गवताच्या झुबक्यांनी भरलेली आणि मधून मधून केर, बोर व खेजडी यांनी ठिपकलेली. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याच्या दिवशी जिची पूजा करावयाची ती शमी तेथे माणसांच्या आणि उंट-शेळ्यांच्या अन्नाचा आधार होऊन उभी आहे, हे पाहून बेळगावच्या वहिनींनी चालत्या जीपमधूनच हात जोडले. आमच्या गोव्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. जैसलमेरला सरासरी २०० मिलिमीटरही पडत नाही. जेथे पाणी इतके मोजके, तेथे जीवही मोजूनमापून वागतो. झाडे एकमेकांपासून अंतर राखून वाढतात. काटेशेपटीचा सरडा थंडी आहे तोवर बिळाबाहेर डोकावत नाही. चिंकारा पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकतो, कारण पाल्यातील ओलावा त्याला पुरतो. हावरेपणाला त्या भूमीत वावच नाही.

आम्ही मात्र हाव बरोबर घेऊनच गेलो होतो. ती होती एका पक्ष्याची. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, आपण माळढोक म्हणतो. सुमारे एक मीटर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत वजनाने फार वरच्या पंक्तीत बसणारा. एके काळी तो दख्खनच्या माळांवर सर्रास वावरत असे. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापुराकडे नान्नजचे अभयारण्य झाले, १९८१ साली ग्वाल्हेरजवळच्या शिवपुरी जिल्ह्यात करेऱ्याचे झाले. आज करेऱ्यातून तो पार नाहीसा झाला आहे आणि नान्नजला त्याचे दिसणे हीच वार्ता ठरते. अख्ख्या देशात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास धरली जाते, आणि त्यांतील बहुतेक याच थरच्या वाळवंटात आहेत. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, आणि तेही उघड्या जमिनीवर. ज्या जातीची वंशवेल इतक्या बारीक धाग्यावर लोंबत आहे ती आपल्या डोळ्यांनी एकदा पाहावी, ही इच्छा स्वाभाविकच होती. ती पापमय होती असे आम्ही आजही म्हणणार नाही.

सुदासरीच्या राखीव कुरणाजवळ जीप थांबली. वाटाड्याने बराच वेळ दुर्बीण फिरविली आणि हलकेच बोट दाखविले. दूर, गवताच्या पलीकडे, एक उभी पांढरट रेघ दिसत होती. ती मान होती असे तो म्हणाला. दुर्बीण एकच. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा-पाऊण मिनिट आले. आमच्या वाट्याला आले तेव्हा ती रेघ हलली, वाकली, आणि गवतात मिसळून गेली. आम्ही माळढोक पाहिला असे शपथेवर सांगता यावयाचे नाही.

तेव्हा इंदूरच्या एका गृहस्थांनी बोलणे काढले. “भैया, वाट सोडून थोडे आत घ्या ना. दोनशे पावले. आम्ही इतक्या लांबून आलो आहोत.” वाटाड्याने मान हलविली. गृहस्थांनी पाचशेची नोट काढली, दुसऱ्याने त्यावर आणखी एक ठेवली. आणि लिहावयास लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे: आमचाही हात खिशाकडे गेला होता.

वाटाड्या चिडला नाही. तो म्हणाला, “साहेब, गाडी आत घातली तर ते उडेल. उडाल्यावर कोठे उतरेल ते माझ्या हाती नाही. त्या बाजूला तारा आहेत. आणि आज तुमची चाके उमटली की उद्या दुसऱ्याची त्यावरूनच जातील.” एवढे बोलून त्याने नोटा परत केल्या आणि जीप उलटी वळविली. त्याच्या दिवसाच्या कमाईपेक्षा ती रक्कम अधिक असावी असा आमचा तर्क आहे.

परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी बोलेना. मग त्या इंदूरकर गृहस्थांनीच आपली बाजू मांडली, आणि ती तुच्छतेने उडवून लावण्याजोगी नव्हती. ते म्हणाले, “ज्याला कोणी पाहणारच नाही त्याला राखणार तरी कोण? लोकांनी पाहावे, त्यांना प्रेम वाटावे, मग ते सरकारला विचारतील. तुमचा देवसुद्धा बंद कुलपात ठेवला तर चार पिढ्यांनी त्याचे नावही उरणार नाही.”

या म्हणण्यात बरेच तथ्य आहे. नान्नज व करेरा यांचा इतिहास त्यास साक्ष आहे. त्या दोन्ही ठिकाणी पक्ष्यासाठी जमिनी राखल्या, शेतकऱ्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधने पडली, आणि ज्यांच्या शेतात तो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या चरत आला त्यांनाच तो वैरी वाटू लागला. प्रेमावाचून केलेले रक्षण टिकत नाही, हे तेथे सिद्ध झाले. मग प्रेम उत्पन्न होण्यासाठी पाहणे आवश्यक, आणि पाहण्यासाठी जवळ जाणे आवश्यक, अशी ही साखळी आहे. तिचा कोणता दुवा कच्चा आहे?

आमच्या मते शेवटचा. पाहण्यासाठी जवळ जाणे आवश्यक, हे खरे नव्हे. आपल्या परंपरेने ‘पाहणे’ आणि ‘दर्शन घेणे’ यांत भेद केला आहे, तो याच ठिकाणी उपयोगी पडतो. पाहणाऱ्याला वस्तू हवी असते. जितकी जवळ तितकी बरी, हातात आली तर उत्तमच. दर्शन घेणारा समोरच्याच्या इच्छेने जे मिळेल तेवढे घेतो. दाराबाहेर उभ्या असलेल्या भक्ताला जमावाच्या डोक्यांवरून समईचा नुसता उजेड दिसला तरी तो ‘दर्शन झाले’ म्हणूनच घरी जातो, आणि ते खोटे नसते. जेथे समोरच्याला ‘आज नको’ म्हणण्याची मुभा आहे तेथेच दर्शन आहे. ती मुभा पैशाने विकत घेतली की पाहणे उरते, दर्शन जाते. आणि प्रेम जर उपजावयाचे असेल तर ते कशातून उपजेल? उडून जाताना पाहिलेल्या घाबऱ्या पाखरातून, की ज्याच्यासाठी आपण मागे फिरलो त्या अदृश्य पाखरातून?

त्या दिवशी दुपारी वाटाड्याने आम्हांस एका ओरणात विसाव्यासाठी नेले. ओरण म्हणजे देवाच्या नावाने सोडलेले रान. आपल्या देवराईचे मारवाडी भावंड. चौथऱ्यावर शेंदूर फासलेला पाषाण, भोवती जुन्या खेजड्या आणि जाळीची झाडे. गुरे तेथे चरतात, माणसे सावलीला बसतात, पण कुऱ्हाड चालत नाही. पहारेकरी नाही, फलक नाही. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० साली याच वृक्षासाठी ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु ओरणाचे मोठेपण आम्हांस त्याहून साधे वाटले. तेथे प्राण देण्याचा प्रसंगच येत नाही, कारण फांदी तोडण्याचा विचारच कोणाच्या मनात येत नाही. गावकऱ्यांना दूर ठेवून ते रान राखलेले नाही, आणि त्यांच्या हाती मोकळे सोडून ओरबाडलेलेही नाही. जवळीक आहे, आणि मर्यादाही आहे.

येथे आमचा आत्मसंतोष फार वाढू नये म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. वाटाड्याने ज्या तारांचे नाव घेतले त्या विजेच्या आहेत. माळढोकाचे डोळे मस्तकाच्या बाजूंना असतात. समोरचे त्यास फार थोडे दिसते, आणि अंग जड असल्यामुळे ऐन वेळी वळता येत नाही. तारेवर आदळून तो मरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी या पक्ष्याच्या अधिवासातील तारा शक्य तेथे भूमिगत कराव्यात असा आदेश दिला. पुढे २१ मार्च २०२४ रोजी त्याच न्यायालयाने तो सरसकट आदेश शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली; कारण त्या तारांतून वाहणारी वीज सूर्यापासून व वाऱ्यापासून निर्माण झालेली, आणि पृथ्वीचे वाढते तापमान रोखावयाचे तर तीही हवीच. म्हणजे येथे अधर्माशी धर्माचा सामना नाही. दोन धर्मांचाच परस्परांशी आहे. आपल्या जत्रेच्या रात्री दीपमाळेवर आणि शिखरावर जी रोषणाई होते, तिची वीज कोठून आली हे आपण कधी विचारीत नाही. मग वाट सोडून दोनशे पावले आत न गेल्याचे श्रेय घेणारे आम्ही, त्या तारांच्या पापातून सर्वस्वी मुक्त आहोत काय? नाही. परंतु मोठ्या पापात आपला अंश आहे म्हणून लहान मर्यादाही सोडावी, हा तर्क आम्हांस पटत नाही. जे आपल्या हाती आहे तेवढे तरी आपण मागे घ्यावे.

हे सारे वाचकांना सांगण्याचे खरे कारण घराजवळचे आहे. आमच्या देवस्थानाच्या मागे एक राई आहे. तिच्या एका अंगाची झाडे काढून तेथे भाविकांच्या गाड्यांसाठी मोकळी जागा करावी, असा प्रस्ताव महाजनांपुढे आला आहे. ‘वयोवृद्धांना दर्शन सोपे होईल, अधिक लोक येतील, अधिक लोकांना श्रद्धा वाटेल,’ असे प्रस्तावाच्या बाजूने सांगण्यात येते. सांगणारे दुष्ट नाहीत. त्यांत आमचे स्नेही आहेत. पहिल्या सभेत आम्हीही अनुकूल हात वर केला होता.

थरमधून परतल्यावर आम्ही त्या राईत एकदा जाऊन उभे राहिलो. तीस वर्षे देवळात जात आहोत, पण मागच्या बाजूस फिरकण्याचे कारण कधी पडले नव्हते. आत काळोख होता, वारूळ होते, आणि एका दगडावर कोणीतरी ठेवलेली सुकलेली अबोलीची वेणी होती. ती कोणी ठेवली, कोणासाठी ठेवली, ते आम्हांस ठाऊक नाही. गाड्यांची जागा झाली तर ती ठेवणाऱ्याला कोठे जावे लागेल, हा प्रश्न पहिल्या सभेत कोणीही विचारला नव्हता, आम्हीही नाही.

पुढील सभा माघात आहे. वयोवृद्धांची अडचण खरी असल्यामुळे रस्त्यालगतच्या पडीक जागेचा विचार व्हावा, आणि तेथून देवळापर्यंत त्यांना आणण्याचे काम तरुणांनी वाटून घ्यावे, असे आम्ही सुचविणार आहोत. प्रस्ताव तरीही संमत होईल हे संभवनीय आहे. परंतु या वेळी आमचा हात खाली राहील, आणि तो का खाली राहिला हे उठून सांगण्याची जबाबदारीही आमच्यावर राहील. त्या वाटाड्याने नोटा परत केल्या तेव्हा त्याला कोणी साक्षीदार नको होता. आम्हांला निदान सभेत चार शब्द बोलता आले पाहिजेत.