बळ किती पुरे?

पुणे-नाशिक महामार्गाने नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याकडे निघाले म्हणजे वाटेत पिंपळवंडी लागते. कुकडीच्या पाण्याने या मुलखात ऊस आला आणि उसाच्या मागोमाग बिबट्या आला, ही जुन्नर तालुक्याची हकीकत आता सर्वश्रुत आहे. रात्रीच्या पाळीचे पाणी धरावयास निघालेला शेतकरी हातात काठी आणि बॅटरी घेतो, सोबतीला कोणी असल्यास मोठ्याने बोलत जातो आणि फडाच्या कडेला वाकून बसण्याचे टाळतो. आत्मरक्षणाची ही संथा त्याला कोणत्याही वर्गात मिळालेली नसते. त्याच गावातील आईबापांना मात्र मुलीला कराटे शिकवावे, ज्यूदो शिकवावा की कुस्ती, असा प्रश्न पडला म्हणजे ते गोंधळतात, आणि माझ्या मते त्या गोंधळाचे मूळ विद्यांच्या संख्येत नसून आपण कशासाठी बळ मिळवीत आहोत याचा निर्णय आधी न करण्यात आहे.

आपल्या स्मृतिकारांनी आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि स्त्रीहरण करणारा अशा सहांना आततायी ठरविले. आततायी अंगावर आला असता विचार करीत न बसता त्याला मारावे, या मनूच्या मताची चर्चा टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात केली आहे. या साऱ्या विचारात आततायी हा दोषी आहे असे गृहीत धरलेले असते. परंतु उसातून झेप घेणारा बिबट्या दोषी कसा म्हणावा? त्याला पाप नाही, पुण्य नाही, केवळ भूक आणि भय आहे. आणि तरीही त्याच्यावर काठी उगारण्याचा शेतकऱ्याचा अधिकार कोणी नाकारणार नाही. फौजदारी कायद्यानेही माणसांच्या बाबतीत हेच ओळखले आहे. १८६० च्या दंडसंहितेत ९८ व्या आणि २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३६ व्या कलमाने असे ठरविले आहे की, हल्ला करणारा इसम वेडा अथवा अजाण असल्यामुळे त्याचे कृत्य गुन्हा ठरत नसले, तरी त्याच्यापासून स्वतःचा बचाव करण्याचा हक्क तितकाच पूर्ण राहतो.

याचा अर्थ असा की आत्मरक्षणाचा हक्क समोरच्याच्या पापातून उत्पन्न होत नाही, आपल्यावरील संकटातून होतो. म्हणून त्यात शिक्षेचा अंश येऊ शकत नाही, आणि संकट सरले त्या क्षणी तो हक्कही सरतो. पुढचेच कलम बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्यास मनाई करते, ती याच न्यायाने. तेव्हा जी विद्या मारावयास शिकविते पण थांबावयास शिकवीत नाही, ती कितीही प्रभावी असली तरी अर्धीच विद्या होय.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान स्थापून ज्यूदोची घडण केली, तेव्हा जुन्या जुजुत्सूतील प्राणघातक प्रकार त्यांनी सरावातून वगळले. आणि ते वगळल्यामुळेच शिष्यांना प्रतिकार करणाऱ्या सोबत्यावर पूर्ण बळानिशी सराव करणे शक्य झाले. जो घाव खरा घालता येत नाही तो हवेतच घालीत राहावे लागते, आणि हवा कधी उलटून धरीत नाही! आपल्या तालमीतील कुस्तीचे मर्म हेच आहे. तांबड्या मातीत दररोज सर्व सामर्थ्यानिशी झुंजूनही संध्याकाळी दोघे पैलवान धडधाकट घरी जातात, कारण विजय चितपट करण्यात आहे, जायबंदी करण्यात नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले, ते याच मातीत घडलेल्या अंगाच्या बळावर. कराटेची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. त्या विद्येच्या फुनाकोशींसारख्या आचार्यांनीही पहिला घाव आपला नसावा असेच बजावले आहे. पण रांगेत उभे राहून ठोसे मोजणे आणि पट्ट्यांचे रंग बदलणे एवढ्यावरच जो वर्ग चालतो, तेथे कोणी मनगट धरले असता काय होते याचा अनुभव येत नाही.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते आणि अहिंसा तिच्या पुढच्या श्लोकात येते. हा क्रम मला सहेतुक वाटतो. भ्यालेला मनुष्य एक तर मुळीच प्रतिकार करीत नाही किंवा केल्यास बेभान होऊन करतो. ज्याच्या अंगाला धरपकडीची सवय आहे त्याचे चित्त ठिकाणावर राहते, आणि म्हणून किती बळ पुरे हे त्यालाच कळते. पिंपळवंडीपासून जवळच असलेल्या आळ्याला रेड्याची समाधी आहे. पैठणास त्या रेड्याच्या पाठीवर ओढलेल्या आसुडाचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, अशी कथा आहे. त्या समाधीपुढे माथा टेकणारा वारकरी आपल्या मुलाला तालमीतही धाडतो, आणि यात्रेत सकाळी पालखी व दुपारी कुस्त्यांचा आखाडा यांत त्याला विसंगती दिसत नाही. ती नाहीच.

कुस्तीच्या मर्यादा सांगितल्या नाहीत तर ही वकिली एकांगी ठरेल. हल्लेखोर दोन असतील किंवा एकाच्या हाती सुरा असेल, तर त्याला कवेत घेऊन जमिनीवर जाणे हे शुद्ध अविचाराचे होय. तेथे ओरडावे आणि पळावे. पळण्यात भ्याडपणा आहे असे मानणाऱ्यांना बिबट्याच्या मुलखातील शेतकरी हसेल. शिवाय स्त्रियांवरील अत्याचारात आरोपी बहुधा ओळखीचाच निघतो, आणि तेथे डावापेक्षा वेळेवर नकार देण्याचे व फिर्याद दाखल करण्याचे धैर्य अधिक लागते. ते घरच्यांच्या पाठिंब्याशिवाय येत नाही.

एवढे मान्य करूनही माझा कौल कुस्तीलाच, आणि जेथे ज्यूदोचा चांगला वर्ग असेल तेथे ज्यूदोला आहे. अडचण एवढीच की मारुतीच्या ब्रह्मचर्याचा हवाला देऊन आपण तालमीचा उंबरठा मुलींना दीर्घकाळ बंद ठेवला. २०२३ साली सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. त्यानंतर तरी ती सबब चालू नये. जुन्नर-आंबेगावच्या यात्रा समित्यांना माझी विनंती आहे की बाहेरगावच्या मल्लांच्या इनामांसाठी जी वर्गणी गोळा होते, तिचा काही भाग यंदा गावातल्या मुलींसाठी कुस्तीची गादी घेण्यास आणि त्यांना शिकविणाऱ्या वस्तादाच्या मानधनास लावावा.