हिशेब सुटतो, हक्क सुटत नाही

आमच्या उमापुरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला नावे आठवेनाशी झाली, की लोक म्हणतात, "उमर झाली." घरचे तेच म्हणतात आणि दवाखान्यातही बहुधा तेच ऐकायला मिळते. आमच्या मोहल्ल्यातल्या एका दादींचे असेच झाले. जेवून हात धुतले, की त्या ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "सुनेने दोन दिवस उपाशी ठेवले." मोहल्ल्याने सुनेला दोषी ठरवले. कोणी बाहेरची बाधा म्हटले, कोणी ताईत आणून दिला. अखेर मुलाने त्यांना एका दवाखान्यात नेले. तिथे विचारले, "आजी, आज तारीख कोणती? पंतप्रधान कोण?" दादी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांचे वर्ष चांदाच्या हिशेबाने चालत आलेले, मोहरम ते बकरीद. त्या गप्प राहिल्या. ताकदीच्या गोळ्या घेऊन घरी आल्या.

आम्ही पेशाने शिक्षक. आम्हाला वाटते, इथे प्रश्नपत्रिकाच चुकली. याच्या उलटही घडते. उभी हयात कुरआन पठण केलेले बुजुर्ग सूरह न अडखळता म्हणतात आणि घरचा रस्ता विसरतात. ऐकणाऱ्याला वाटते, याददाश्त शाबूत आहे. जुने, मुरलेले पाठांतर उशिरापर्यंत टिकते, नवे आधी पुसले जाते. हरियाणातल्या बल्लभगड भागात संशोधकांनी निरक्षर वृद्धांना जमेल अशी हिंदी चाचणी तयार केली, ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. दखनी बोलणाऱ्या दादींनाही त्यांच्या बोलीत, त्यांच्या रोजच्या जगण्यातले प्रश्न विचारले, तरच निदान खरे निघेल.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांत 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण स्त्रियांत आणि खेड्यांत जास्त आहे. आमच्या बीड जिल्ह्यातून दरसाल कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसे राहतात. त्यांचे विसरणे पाहणार कोण? एखादी शेजारीण, नाहीतर आशाताई.

कोणी म्हणेल, जो आजार बराच होत नाही, त्याचे शिक्षण डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंना कशाला? रांगेतला तापाचा रोगी आधी पाहू द्या. हा प्रश्न खोटा नाही. पण सगळेच विसरणे या आजाराचे नसते. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा दोष, खोल उदासी यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर इलाज आहे. म्हातारे माणूस एक-दोन दिवसांत एकाएकी बरळू लागले, तर त्यामागे जंतुसंसर्ग किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. ज्याला हे शिकवलेले नाही, तो बऱ्या होणाऱ्या माणसालाही "उमर झाली" म्हणून परत पाठवतो. आणि जिथे इलाज नाही, तिथेही "दादी खोटे बोलत नाहीत, हा आजार आहे, सुनेचा कसूर नाही," एवढे डॉक्टरांनी सांगितले तर एक घर वाचते.

शरीयतने अक्कल ही जबाबदारीची शर्त मानली आहे. अक्कल गेली, की नमाज-रोजाचा हिशेब सुटतो. हक्क मात्र सुटत नाही. म्हाताऱ्या आई-वडिलांना 'उफ्'सुद्धा म्हणू नये, या ताकिदीला त्यांच्या याददाश्तीची अट नाही. त्या आपल्याला ओळखतात तोवरच आपण खिदमत केली, तर तो देण्या-घेण्याचा व्यवहार झाला.

दादी आता गुजरलेल्या दादांची वाट पाहतात. "ते वारले" असे रोज सांगणे म्हणजे रोज नवा जनाजा उठवणे. "येतीलच आत्ता" म्हणावे तर ते झूठ. या आजाराचे शिक्षण घेतलेली परिचारिका तिसरी वाट दाखवते, "दादांची याद येते का? त्यांच्याबद्दल सांगा ना." यात झूठ नाही आणि जखमही नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या 2013 च्या चित्रपटात स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित एका हत्तीमागे निघून जातात आणि माहुताची कानडी बायको त्यांना सांभाळते. पंडितांची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्या बाईजवळ कुठलीही पदवी नाही, दया आहे. दया शिकवता येत नाही, असे लोक म्हणतात. आम्हा शिक्षकांना ते पुरते पटत नाही. दया कशी वागते, एवढे तरी शिकवता येतेच. समोर बसावे, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, उत्तराची वाट पाहावी, त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी मुलाशी बोलू नये.

अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयापासून आशाताईंच्या बैठकीपर्यंत हे शिकवले जावे. आणि आम्हीही ते शिकावे. कारण दादींना सगळ्यात आधी मोहल्ल्याने तपासले होते, आणि सुनेला दोषी ठरवणाऱ्यांत आम्हीही होतो.