पाटी कोणासाठी हाती घ्यायची?



आजच्या चिंतनाला तुकोबांचा एक अभंग घेतलाय. शाळेत किंवा कीर्तनात तुम्ही तो नक्की ऐकला असेल. लहान मुलाला अक्षर यावं म्हणून पंतोजी स्वतः पाटी हातात घेतात, असं तुकोबा त्यात सांगतात. पुढे आई येते. ती बाळाची चाल ओळखून आपलं पाऊल टाकते. शेवटी नाव येते, ती पाण्यात असते लोकांसाठी. संत जगात कसे वागतात, हे समजावायला दिलेले हे दृष्टान्त.

हाच अभंग निवडला, कारण जून लागलाय. आमच्या बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकात सध्या पाय ठेवायला जागा नसते. एका हातात शाळेची यादी, दुसऱ्या हातात मूल, आणि पिशवीत वह्या, खाकी कव्हरं, नावाची लेबलं. शाळा सुरू झाली की पंधरा दिवसांत घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो: मुलांच्या अभ्यासात आईबाबांनी हात घालायचा तो किती?

माझी मुलगी यंदा दुसरीत गेली. ती कधीकधी ३ च्या जागी ६ काढते. दोन्ही आकडे एकमेकांची आरशातली रूपं आहेत, त्यामुळे त्यात नवल नाही. अशा वेळी माझ्यापुढे दोन रस्ते असतात. खोडरबर घेऊन मीच आकडा नीट करायचा. दहा सेकंदांचं काम. किंवा वेगळ्या कागदावर दोन्ही आकडे सावकाश काढून दाखवायचे आणि वही तिच्याकडेच राहू द्यायची. दोन्ही वेळा पेन्सिल माझ्याच हातात असते. मग फरक कुठे आहे?

मला वाटतं, फरक आहे तो 'कोणासाठी' यात. पंतोजींना अक्षरं येतातच. पाटी धरून त्यांना स्वतःला काहीच मिळवायचं नाही. आपण मुलाची वही सुंदर करून देतो, ती मात्र बऱ्याचदा आपल्यासाठी असते. बाईंचा चांगला शेरा मिळावा, पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकता यावा, नऊच्या आत जेवणं आटपावीत. हाच विचार पाटीवरचा हात बदलून टाकतो.

कुणी म्हणेल, एवढ्याशा आकड्यात कसलं आलंय पाप-पुण्य? पण जरा पुढे विचार करा. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात, आत बग असताना टेस्ट पास दाखवत असेल, तर ती टेस्ट नसलेलीच बरी; निदान आपण गाफील राहत नाही. चुकलेला ६ पाहून बाई तो पुन्हा शिकवतील. वही बिनचूक गेली, तर त्या पुढच्या धड्याकडे वळतील. आणि मूल एक गोष्ट पक्की शिकेल: येण्यापेक्षा आल्यासारखं दिसणं मोठं. हा धडा कुठल्याच पुस्तकात नाही, तो आपण घरी देतो.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खोटा नाही. ऑफिसहून थकून आल्यावर धीर सुटतोच. पण केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको म्हटलंय, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. म्हणजे रोजची थोडीच मिनिटं लागतात. आणि ज्या आईबाबांना स्वतःला लिहितावाचता येत नाही, त्यांच्यासाठी अभंगातली आई आहेच. मुलाच्या चालीने चालायला अक्षरओळख लागत नाही. शेजारी बसणं, 'आज काय शिकलास, मला सांग' म्हणणं, हेही पाटी हाती घेणंच आहे.

घरच्या शिकवणीचं फळ काय असतं, हे आमच्या पेठेनेच पाहिलंय. जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरी लिहायला-वाचायला शिकवलं. १८४८ साली इथल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सतरा वर्षांच्या सावित्रीबाई तिथे शिकवायला उभ्या राहिल्या. दगडूशेठ गणपतीसमोरचा तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला. तिथून जाताना मला तुकोबांचे पंतोजी आठवतात. जोतीरावांनी हाती घेतलेली पाटी त्यांच्याच हातात राहिली नाही. शिकणारी शिकवणारी झाली.

आजचा संकल्प साधाच ठेवूया. संध्याकाळी मुलाच्या वहीला हात लावण्याआधी स्वतःला विचारायचं: हे मी कोणासाठी करतोय? उत्तर 'त्याच्यासाठी' आलं, तर खुशाल पाटी घ्या. 'माझ्यासाठी' आलं, तर हात मागे घ्या आणि नुसतं शेजारी बसा.

राम कृष्ण हरी.