पंचाचा निर्णय आणि सत्य

गोष्ट खरी असते म्हणून न्याय करणारा ती तशी सांगतो, कीं त्यानें सांगितली म्हणून ती खरी ठरते? प्रश्न जुना आहे. अमेरिकेंतील बेसबॉल या खेळांत तो रोज उभा राहतो, आणि उत्तर देण्यास पंचाला क्षणभराहून अधिक अवकाश मिळत नाहीं.

या खेळांत चेंडू टोलविणारा गडी 90 फुटांवरील पहिल्या तळाकडे धांवतो. त्याचा पाय तळास लागण्यापूर्वीं, तळावर पाय टेकलेल्या प्रतिपक्षाच्या गड्यानें चेंडू झेलला, तर तो बाद. एका नजरेनें दोन ठिकाणीं पाहतां येत नाहीं, म्हणून पंच डोळे तळावर खिळवितो आणि चेंडू हातमोज्यांत आदळल्याचा आवाज कानांनीं टिपतो.

ता. 2 जून 2010 रोजीं डेट्रॉइट शहरीं आर्मांडो गॅलरागा या गोलंदाजानें क्लीव्हलंडचे 26 गडी ओळीनें बाद केले. एकालाहि तळ गांठूं दिला नाहीं. सत्ताविसावा तसाच गेला असता, तर फार थोड्यांना साधलेला पराक्रम त्याच्या नांवें लागला असता. जेसन डोनल्डनें चेंडू टोलविला. गॅलरागा स्वतः तळावर धांवला, सोबत्यानें फेकलेला चेंडू त्यानें वेळेवर घेतला. पंच जिम जॉइस यांनीं हात पसरून ‘नाबाद’ अशी खूण केली. गडी बाद होता.

गॅलरागा किंचित् हंसला, परत गेला, आणि पुढील गडी बाद करून त्यानें सामना संपविला. जॉइस वीस वर्षांहून अधिक काळ हें काम करीत होते. सामन्यानंतर त्यांनीं चित्रण पाहिलें. निर्णय पंचाचा, एवढें म्हणून त्यांस घरीं जातां आलें असतें. नियमहि त्यांच्याच बाजूचा होता. ते गॅलरागाकडे गेले आणि रडत रडत त्यांनीं क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशीं संघाची यादी पंचांस देण्यास गॅलरागाच मैदानांत आला, तेव्हां जॉइस डोळे पुसत होते.

खेळाचे प्रमुख बड सेलिग यांनीं निर्णय फिरविला नाहीं. मग त्या कबुलीनें साधलें काय, असें पुष्कळजण विचारतील. मला वाटतें, फार साधलें. आपल्या शब्दानें गडी तळावर राहतो, पण त्यानें घडलेली गोष्ट बदलत नाहीं, हा भेद त्या माणसानें सोडला नाहीं. पंच हा शब्द आपल्या गांवांतहि किती जड आहे, हें का सांगावयास हवें? आणि चुकलों असें म्हणणारे पंच आपण किती पाहिले?

2014 पासून अशा वादांत न्यूयॉर्कमध्यें बसलेले पंच चित्रण पाहतात. पुरावा स्पष्ट असेल तर निर्णय फिरवितात, किंवा बरोबर होता असें सांगतात. स्पष्ट नसेल तेव्हां ‘बरोबर’ म्हणत नाहींत. निर्णय कायम राहतो, एवढेंच कळवितात. तो शब्द निवडणाऱ्याचें मला कौतुक वाटतें.

डेट्रॉइटच्या त्या सामन्याला मात्र हें लागू झालें नाहीं. नोंदवहींत जेसन डोनल्ड आजहि पहिल्या तळावर सुखरूप पोहोंचलेला आहे.