दाव्याची जात आणि युक्तिवादाची नीती

युक्तिवादातील सर्व दावे एकाच निकषाने तपासता येतात, ह्या समजुतीमुळे अनेक वाद निष्फळ ठरतात. स्थूलमानाने दाव्यांचे वस्तुस्थितीविषयक, मूल्यविषयक आणि कर्तव्यविषयक असे तीन प्रकार मानता येतील. ह्या भेदाचे महत्त्व तार्किक आहे, तितकेच नैतिकही आहे.

पालघर जिल्ह्यातील बेटेगावचे उदाहरण घ्यावे. सप्टेंबर २०१७ मध्ये पायाभरणी झालेल्या मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे बोईसर स्थानक ह्याच परिसरात योजिलेले आहे. ‘मार्गाची लांबी ५०८ किलोमीटर आहे’ हे विधान मोजणीने पडताळता येते. ‘हा प्रकल्प म्हणजे विकास होय’ हे मूल्यविधान आहे. ‘म्हणून जमीन द्यावी’ हे कर्तव्यविधान. पहिल्यातून तिसरे परस्पर निष्पन्न होत नाही. ‘आहे’वरून ‘असावे’कडे होणाऱ्या अशा संक्रमणाचे समर्थन ह्यूमने अठराव्या शतकातच मागितले होते.

न्यायदर्शनाच्या परिभाषेत हाच प्रश्न अधिक नेमका होतो. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान होते, कारण धूर आणि अग्नी ह्यांतील व्याप्ती अनुभवसिद्ध असते. वेग आणि कल्याण ह्यांच्यात अशी कोणती व्याप्ती आहे? केवळ निरीक्षणाने ती सापडत नाही. कोणाचे कल्याण आणि कोणत्या किमतीवर, हे ठरवूनच तिची स्थापना करावी लागते.

‘ही जमीन वाडवडिलांची आहे’ हे विधान वरवर वस्तुस्थितीविषयक भासते. सातबाऱ्यावरून ते तपासताही येईल. परंतु त्याचा अभिप्राय मूल्याचा असतो. २०१३च्या भूमिसंपादन कायद्यानुसार बाजारमूल्य आणि दिलासा रक्कम ह्यांचे गणित मांडणे हे त्यावरचे उत्तर अचूक असू शकते. मात्र ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असते. येथे विषमता अशी, की नियोजकाचे मूल्यविधान वस्तुस्थिती म्हणून मान्य होते आणि खातेदाराचे मूल्यविधान ‘भावना’ म्हणून बाजूला सारले जाते. अर्थात, खातेदाराचा दावाही स्वयंसिद्ध नव्हे. सातबाऱ्यावर नाव नसलेला, पण पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणारा मनुष्य त्यालाही समर्थन मागू शकतो.

साहित्यसमीक्षा ह्या दोषापासून मुक्त नाही. ‘अनुभव अस्सल आहे, म्हणून कृती श्रेष्ठ आहे’ ह्या युक्तिवादात मधला दुवा अनुच्चारित राहतो. ‘कृतीला घाट नाही’ हे वर्णन दूषण म्हणून वापरणाऱ्या समीक्षकाच्या युक्तिवादातही तो तसाच राहतो. घाटाविषयीची त्याची अपेक्षा वस्तुस्थितीच्या वेषात वावरत असते.

मूल्यविधाने टाळावीत, असा ह्याचा अर्थ नव्हे; ती टाळताही येत नाहीत. ती मूल्यविधाने आहेत हे मान्य करून त्यांची कारणे देणे, आणि प्रतिपक्षाच्या दाव्याला त्याच्या जातीचेच उत्तर देणे, एवढे मात्र वाद करणाऱ्यावर बंधनकारक आहे. ज्याची जमीन जाणार आहे, त्याला निदान त्याच्याच प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे.