शुश्रूषा एकीची, ऋण कोणाचे?

‘सेवा’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे पुढचा विचार थांबतो. आजारी सासूचे अंग पुसणाऱ्या सुनेने ‘ह्यात माझाही काही हक्क आहे’ असे म्हटले, तर घरातील वडीलधारी मंडळी तिच्याकडे नुसती पाहतच राहतील. सेवा हे कर्तव्य, आणि कर्तव्याच्या पोटी हक्क कसला, असा आपला समज. हा समज सात्त्विक दिसतो खरा; पण तो बहुधा अशांच्याच तोंडी असतो, ज्यांना रात्री उठावे लागत नाही.

छत्रपती संभाजीनगरातील ज्या शासकीय रुग्णालयास सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो, तेथील आवारात एखादी दुपार काढून पाहावी. बीड, जालना, परभणीकडून आलेल्या रोग्याबरोबर घरचे माणूस असते. केसपेपर हातात धरून रांगेत उभे राहावयाचे, औषधे आणावयाची, रोग्याला भरवावयाचे, रात्री जागा मिळेल तेथे अंग टाकावयाचे. बुडालेल्या मजुरीची नोंद कोठेच होत नाही. तथापि रुग्णालयातील मुक्काम कधीतरी संपतो. खरी परीक्षा त्यापुढे आहे. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेला सासरा, स्वतःच्या मुलाचे नाव विसरलेली आई, किंवा तिशी उलटली तरी ज्याला घास भरवावा लागतो असा मुलगा ज्या घरी आहे, त्या गारखेड्यातील अथवा सिडकोतील दोन खोल्यांत हे काम वर्षानुवर्षे चालते, आणि ते बहुधा एकाच व्यक्तीवर पडते. ती व्यक्ती कोण, हे सांगावयास नको. २०२४ च्या राष्ट्रीय पाहणीत, १५ ते ५९ वयाच्या ज्यांनी घरातील माणसांची देखभाल केली, त्यांपैकी स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी १४० मिनिटे वेळ तीत गेला, पुरुषांचा ७४. स्वयंपाक, धुणीभांडी ह्यांत धरलेली नाहीत.

आता कायद्याकडे वळू. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा उत्तम हेतूने झाला. वृद्धाला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहाची रक्कम मिळू शकते. परंतु ‘अपत्ये’ म्हणून हा कायदा मुलगा, मुलगी, नातू व नात ह्यांची नावे घेतो. सुनेचे घेत नाही. कर्तव्य घातले मुलावर, आणि पार पाडले सुनेने! पुढे मृत्युपत्र न करता सासरे वारले, म्हणजे हिंदू वारसा कायद्याने मुलांचे हिस्से सारखे पडतात. पुण्याहून दिवाळीपुरत्या येणाऱ्या दिराचा जितका, तितकाच बारा वर्षे येथे राहिलेल्या भावाचा. आणि नवरा हयात असता सुनेचा स्वतःचा काहीच नाही. न्यायालयांनी गृहिणीच्या कामाचे मोल केलेच नाही असे नव्हे. जमशेदपूरच्या १९८९ च्या अग्निकांडात दगावलेल्या गृहिणींच्या सेवेचे मूल्य सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दरमहा ३,००० रुपये धरले. किंमत ठरली, पण ती बाई गेल्यावर.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने मात्र एक पाऊल पुढे टाकले. पैसे घेऊन अथवा न घेता देखभाल करणारा, आईबाप व घरची माणसे धरून, अशी शुश्रूषकाची व्याख्या त्यात आहे, आणि ज्यांना सतत आधार लागतो अशांसाठी शुश्रूषा-भत्त्याचाही उल्लेख आहे. तो सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत द्यावयाचा आहे, हे ओघानेच आले. इंग्लंडात असा भत्ता १९७६ मध्ये सुरू झाला, तेव्हा विवाहित स्त्रियांना तो नाकारला होता. त्या घरी असणारच, मग त्यांस पैसे कशाचे? युरोपीय न्यायालयाने १९८६ मध्ये हा भेद बेकायदा ठरविला. तेव्हा ही विचारसरणी केवळ आपलीच आहे असे मानण्याचे कारण नाही.

पैसा आला की प्रेम आटते, असा आक्षेप घेतला जाईल. पण पुण्याचा भाऊ पैसे पाठवितो तेव्हा त्याचे मातृप्रेम आटले असे आपण म्हणत नाही. उलट ‘फार करतो बिचारा’ म्हणतो. मग जी देह झिजविते, तिच्याच प्रेमाची अशी धास्ती का? पुंडलिकाचे उदाहरण हटकून दिले जाते. ते जरूर द्यावे. मात्र आईबापांची सेवा त्याने स्वतःच्या हातांनी केली, बायकोवर सोपविली नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. शिवाय, दारी आलेल्या देवाला ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार त्याला होता. आमच्या मते शुश्रूषकाच्या हक्काचे बीज येथेच आहे. आपण होऊन पत्करलेली सेवा ही सेवा. ‘तू घरीच तर असतेस’ म्हणून गळ्यात पडलेली ती वेठ. जो ऋण दुसऱ्याचे फेडतो, त्याचे त्या दुसऱ्यावर येणे उरते, मग ते नाते कितीही जवळचे असो.

हे येणे पैशातच फेडावे असे नाही. पुण्याच्या दिराने वर्षातून महिनाभर येथे राहावे, बेडपॅन स्वतः उचलावे, रात्रीची कूस बदलावी. आणि वहिनीने त्या काळात माहेरी जाऊन, कोणी हाक मारणार नाही अशी झोप घ्यावी. ज्या घरी दुसरे माणूसच नाही, तेथे काम समाजाचे. मुलांसाठी १९७५ मध्ये अंगणवाडीची योजना सुरू झाली, तिने आयांचे प्रेम आटल्याचे ऐकिवात नाही. अंथरुणाला न खिळलेल्या, पण एकटे सोडता न येणाऱ्या वृद्धांसाठी सिडकोच्या एखाद्या सेक्टरात, रोज चार तास, शिकलेल्या दोन परिचारिकांसह एक मोठी खोली उघडावयास महानगरपालिकेस कोणत्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागते?