विकतचें आतिथ्य

सौजन्य विकत मिळतें काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं निरर्थक वाटेल. ज्याला किंमत पडली तें सौजन्य कसलें, असें आपण सहज म्हणतों. आणि प्रेम, भक्ति, मैत्री यांच्या पंक्तीला सौजन्यास बसवून, त्याला बाजारापासून दूर ठेवल्याचें समाधान मानतों. परंतु जगांत असा एक धंदा आहे कीं, ज्यांत हीच वस्तु दोनशेंहून अधिक वर्षें राजरोस विकली जात आहे. तिची किंमत भोजनाच्या दरांत धरून छापलेली असते. आणि घेणाऱ्यालाही आपण फसविले जात आहों असें वाटत नाहीं. हा धंदा म्हणजे फ्रान्समधील उंची भोजनगृहांचा. तेथील पाककौशल्याची कीर्ति सर्वत्र आहे. पण पाककौशल्य हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. तेथें अन्न ज्या रीतीनें वाढलें जातें, त्या रीतीचा नैतिक अर्थ काय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

पॅरिसमधील अशा एखाद्या गृहांत चारसहा मंडळी सायंकाळीं जेवावयास गेलीं म्हणजे काय घडतें? दालनाचा प्रमुख, ज्याला तिकडे 'मेत्र दोतेल' म्हणतात, तो त्यांचें नांव घेऊन स्वागत करतो व त्यांना जागेवर नेऊन बसवितो. पुढें कांहीं ठराविक टेबलें एका अनुभवी वाढप्याच्या हवालीं असतात. त्याच्या हाताखालीं उमेदवार असतात. द्राक्षमद्याची माहिती सांगणारा 'सोमलिये' निराळाच असतो. मंडळींनीं निरनिराळे पदार्थ मागितले असले, तरी सर्वांच्या ताटल्या एकाच क्षणीं पुढें येतात. कोणासही शेजाऱ्याची वाट पाहत बसावें लागत नाहीं. पांढऱ्या वस्त्रावर सांडलेला पावाचा चुरा टिपून घेतला जातो. हातरुमाल खालीं पडला, तर तो उचलण्यास वाकण्यापूर्वींच दुसरा पुढें होतो. पॅरिसच्या 'तूर दार्झां' या जुन्या भोजनगृहांत बदकाचा एक प्रसिद्ध पदार्थ गिऱ्हाइकासमोर कापून सिद्ध करतात, आणि १८९० पासून अशा प्रत्येक बदकाला अनुक्रमांक देण्याची चाल तेथें आहे. कित्येक उंची गृहांत अशीही वहिवाट होती कीं, पदार्थांची जी यादी यजमानाच्या हातीं येई तीवर दर असत, पण पाहुण्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, यादीवर ते मुळींच नसत. पाहुण्यानें किंमत पाहून संकोचूं नये, हा त्यांतील हेतु. जेथें सर्व कांहीं पैशावर चालतें, तेथेंच पैसा दृष्टीआड करण्यासाठीं एवढी खटपट व्हावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या संस्थेचा उगम पाहिला म्हणजे ही खटपट अधिक उलगडते. 'रेस्तोराँ' या शब्दाचा मूळ अर्थ भोजनगृह असा नसून, अशक्त माणसास हुशारी आणणारें मांसाचें सत्त्व, म्हणजे एक प्रकारची पेज, असा होता. १७६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें हें सत्त्व विकणारीं दुकानें निघालीं, आणि पदार्थाचें नांव दुकानाला चिकटलें. त्यापूर्वीं परक्या माणसाला जेवावयाचें झालें, तर बहुधा खाणावळींतील समाईक टेबलाशीं, ठरलेल्या वेळीं, जें पुढें येईल तें खावें लागे. नव्या दुकानानें त्याला स्वतःचें टेबल, स्वतःची वेळ आणि दर लिहिलेली यादी दिली. पुढें १९ व्या शतकांत, सर्व पदार्थ एकदम मांडून ठेवण्याची जुनी फ्रेंच पद्धत मागें पडून, एकामागून एक पदार्थ वाढण्याची रशियन पद्धत रूढ झाली. तिच्यामुळें वाढप्याचें महत्त्व फारच वाढलें. तात्पर्य, जी सरबराई पूर्वीं सरदाराला जन्मानें मिळे, ती आतां कोणासही एका संध्याकाळपुरती दाम देऊन मिळूं लागली. ही समता खरी. पण ती सर्वांना सेवक करणारी समता नसून, सर्वांना पाळीपाळीनें सरदार करणारी होती.

या व्यवहारांतील मर्म अगदीं आरंभींच एका फ्रेंच न्यायाधीशानें ओळखलें होतें. ब्रिया-साव्हारें यानें १८२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या रुचिविषयक ग्रंथांत बोविलिये नामक भोजनगृहचालकाचें चित्र काढलें आहे. हा बोविलिये पूर्वीं राजाच्या भावाच्या पदरीं होता, व १७८२ च्या सुमारास त्यानें पॅरिसमध्यें आपलें गृह थाटलें. एकदोनदां जेवून गेलेल्या माणसासही वीस वर्षांनीं ओळखून तो त्याचें स्वागत करी. अमुक पदार्थ घेऊं नका, तमुक लवकर मागवा, असा घरच्यासारखा सल्ला देई. आणि ज्याची किल्ली केवळ आपल्याच जवळ आहे अशा तळघरांतून मद्य आणवी. परंतु, ग्रंथकार सांगतो, यजमानाची ही भूमिका घटकाभरच टिके. मागाहून जें फुगलेलें बिल हातीं येई, त्यावरून आपण मित्राकडे नव्हे तर दुकानदाराकडे जेवलों, हें जेवणाऱ्यास पुरेपूर कळे.

या आक्षेपाला विसाव्या शतकांत अधिक धार आली. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यानें पॅरिसमधील एका मोठ्या हॉटेलांत भांडीं घासण्याचें काम केलें होतें. १९३३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत, स्वयंपाकघर व भोजनदालन यांच्यामधील दारांतून जातांना वाढपी कसा क्षणार्धांत पालटतो, आंतली शिवीगाळ, घाम व घाण मागें टाकून बाहेर कसा धीरगंभीर पुरोहितासारखा अवतरतो, हें त्यानें दाखविलें आहे. वरून कीर्तन आंतून तमाशा, या आपल्या म्हणीचें इतकें चपखल उदाहरण क्वचितच मिळेल. तत्त्ववेत्ता सार्त्र यानें १९४३ च्या आपल्या ग्रंथांत कॅफेंतील एक वाढपी दाखला म्हणून घेतला आहे. त्याची प्रत्येक हालचाल जराशी अधिकच नेमकी, त्याची तत्परता जराशी अधिकच उत्सुक. जणूं तो वाढपी असण्याचा खेळ खेळत आहे. अशा रीतीनें माणूस आपलें स्वातंत्र्य विसरून भूमिकेंत दडून बसतो, असें सार्त्रला सुचवावयाचें आहे. आणि १९०७ च्या एप्रिलमध्यें पॅरिसच्या वाढप्यांनीं जो संप केला, त्यांतील एक मागणी तर मिशा ठेवूं द्याव्या अशी होती! सरदारांच्या घरचे नोकर मिशा ठेवीत नसत, म्हणून ज्यांना सरदारी थाट विकावयाचा होता ते मालक वाढप्यांनाही मिशा ठेवूं देत नसत. मागणी ऐकून हसूं येईल. पण माणसाचे श्रमच नव्हे, तर त्याचा चेहराही विकत घेतला जात होता, ही गोष्ट हसण्यासारखी नाहीं.

एवढ्यावरून विकतचें आतिथ्य म्हणजे निव्वळ सोंग, असा निकाल देण्यास कोणीही प्रवृत्त होईल. परंतु निकाल देण्यापूर्वीं, ज्या आतिथ्याशीं आपण त्याची तुलना करतों, त्या घरच्या आतिथ्याकडेही त्याच कठोर दृष्टीनें पाहिलें पाहिजे. अतिथीला देव मानण्याची आज्ञा तैत्तिरीय उपनिषदानें केली आहे, आणि आमच्या घरांतून ती पाळली गेली याचा आम्हांस रास्त अभिमान आहे. पण पाळली ती कोणी? पंक्तींत बसून आग्रह करणारा यजमान आणि चुलीपाशीं घाम गाळणारी गृहिणी, ही दोन निराळीं माणसें होत. पाहुण्यांच्या धन्यवादाचा स्वीकार पहिल्यानें केला. सर्वांच्या मागून, उरलेंसुरलें गार अन्न दुसरीनें खाल्लें. तिला वेतन नव्हतें, रजा नव्हती, आणि आज माझ्यानें होत नाहीं असें म्हणण्याची सोय तर नव्हतीच. आजही पुष्कळ घरांत याहून फार निराळी स्थिति आहे असें छातीला हात लावून कोणी सांगूं शकेल काय? स्वयंपाकघर व माजघर यांच्यामध्येंही एक दार असतेंच. फरक इतकाच कीं, त्या दाराविषयीं ऑर्वेलसारखें पुस्तक सहसा कोणी लिहीत नाहीं.

तेव्हां सेवेला पैशाचा स्पर्श झाला कीं ती भ्रष्ट होते, हें गृहीतकच तपासून घेतलें पाहिजे. पैसा सेवेची किंमत ठरवितो, हें खरें. पण किंमत ठरवितांना तो सेवेला मर्यादाही घालतो. इतके तास, इतकें काम, इतकें वेतन. त्यापलीकडे तो माणूस स्वतःचा. आठवड्यांतून एक दिवस विसांव्याचा हक्क देणारा कायदा फ्रान्समध्यें १९०६ सालीं झाला, आणि पुढच्याच वर्षींच्या संपांत वाढप्यांनीं मिशांबरोबर ही सुट्टीही मागितली. हें त्यांना करतां आलें, कारण त्यांचें नातें प्रेमाचें नसून कराराचें होतें. प्रेमाच्या नांवाखालीं जी सेवा घेतली जाते, तिच्याविरुद्ध संप करण्याची सोय नसते. सार्त्रच्या वाढप्याविषयींही येथेंच एक शंका काढतां येईल. भूमिका माणसाला गिळते, तशी ती त्याला झांकतेही. गणवेशाच्या आंत त्याचें मन त्याचेंच राहतें. मालकानें वर्तन विकत घेतलें, माया विकत घेतली नाहीं.

याला पुष्टि देणारा आणखी एक मुद्दा बक्षिशीचा आहे. फ्रेंच भाषेंत बक्षिशीला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'पिण्यासाठीं' असा होतो. आपल्याकडील 'चहापाणी' या शब्दाचा तो सख्खा भाऊच म्हणावयाचा. वाढप्याचा निर्वाह जेथें बक्षिशीवर अवलंबून असतो, तेथें त्याचें प्रत्येक हास्य म्हणजे पसरलेला हात होतो. गिऱ्हाइकाची लहर हीच त्याची मालकीण. फ्रान्समध्यें १९८७ पासून छापील दरांतच सेवेचा आकार धरलेला असला पाहिजे असा नियम आहे. वर कोणी कांहीं ठेवलें तर ती त्याची खुशी. म्हणून तिकडचा जाणता वाढपी अदबीनें वागतो, पण लाळ घोटीत नाहीं. हें मद्य या पदार्थाबरोबर शोभणार नाहीं, असें तो गिऱ्हाइकाला नम्रपणें पण स्पष्ट सांगतो, आणि वैद्याचा सल्ला ऐकावा तसा तो गिऱ्हाईकही ऐकतो. ज्याची भाकर आपल्या मर्जीवर अवलंबून नाहीं, त्याच्या सौजन्यावरच आपणांस विश्वास ठेवतां येतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. शिक्षक वेतन घेतो, वैद्य दक्षिणा घेतो. तेवढ्यावरून एकाची कळकळ व दुसऱ्याची दया खोटी ठरत नाहीं. पैशानें त्यांची उपस्थिति व कौशल्य मिळतें. आस्था मिळेलच असें नाहीं, पण ती मिळण्यास पैशाची आडकाठीही होत नाहीं. वाढण्याच्या कलेचें तसेंच आहे. तिचें सार नम्र शब्दांत नसून अवधानांत आहे. समोरच्याला काय हवें आहे हें त्यानें मागण्यापूर्वीं ओळखणें, आणि ओळखल्याचें त्याला भासूंही न देणें, ही गोष्ट अत्यंत अवघड आहे. १४ व्या शतकांतील एका राजआचाऱ्याच्या नांवावरून १९४६ सालीं पॅरिसमध्यें निघालेल्या 'तायव्हां' या भोजनगृहाची ख्याति मुख्यतः अशाच न दिसणाऱ्या सेवेबद्दल झाली. संस्थापकाचे पुत्र झां-क्लोद व्ह्रिना हे २००८ सालीं निवर्तले तोंवर त्यांनीं हें व्रत सांभाळलें. मिशलँ कंपनीच्या मार्गदर्शिकेंतील प्रसिद्ध तारे केवळ ताटांतील पदार्थांसाठीं दिले जातात, वाढण्यासाठीं नव्हे. म्हणजे असें म्हणावयाचें कीं, ज्या कलेला तारा नाहीं, तिच्यासाठींही कांहीं माणसें आयुष्य वेंचतात. दुसऱ्या माणसाकडे पूर्ण लक्ष देणें हाच आदराचा मूळ आकार असेल, तर हा आदर वेतन घेऊन केला म्हणून खोटा ठरविण्याचें कारण दिसत नाहीं.

मात्र खऱ्याखोट्याची कसोटी कोठें लावावयाची, हें नीट ठरविलें पाहिजे. ती वाढप्याच्या अंतःकरणाला लावूं नये. तें पाहण्याचा आपणांस अधिकारही नाहीं. कसोटी लावावयाची ती त्या मधल्या दाराला. सुप्रसिद्ध पाकशास्त्री एस्कोफिये (१८४६–१९३५) तेरा वर्षांचा असतां चुलत्याच्या भोजनगृहांत उमेदवारीला लागला, आणि तेथें त्यानें पुष्कळ कडक वागणूक सोसली. पुढें मोठमोठ्या हॉटेलांचीं स्वयंपाकघरें हातीं आल्यावर त्यानें आरडाओरड व शिवीगाळ बंद केली, भट्टीच्या उष्णतेंत आचारी दारू पीत ती बंद करून सातूचें पेय ठेवविलें, आणि कामाची वांटणी लावून दिली. बाहेरच्या दालनांतील शांतता खरी करावयाची, तर ती आंतून सुरू झाली पाहिजे, हें त्याला उमगलें होतें. जेथें आंतल्यांनाही बाहेरच्यांच्या अंशानें तरी मान मिळतो, तेथील आतिथ्य विकतचें असलें तरी खरें. जेथें मिळत नाहीं, तेथील आतिथ्य फुकट असलें तरी खोटें.

आणि या व्यवहारांत गिऱ्हाइकाकडेही एक देणें लागतें. बिल चुकतें केलें म्हणजे अन्नाचा व श्रमांचा हिशेब मिटतो. अवधानाचा मिटत नाहीं. तो मिटविण्याचें नाणें एकच: वाढणाऱ्या हाताच्या मागें माणूस आहे, हें पाहणें. दाम दिले म्हणजे धनीपण आलें असें मानणारा मनुष्य उत्तमांतील उत्तम भोजनगृहांत जेवला तरी केवळ अन्न खाऊन येतो. ज्याला वाढप्याच्या ठिकाणीं एक कारागीर दिसतो, त्यालाच आतिथ्य लाभतें. आणि ही दृष्टि ज्याच्या अंगीं बाणली, तो घरीं ताटावर बसतांनाही, वाढणारीचें पान मांडलें आहे कीं नाहीं, हें पाहिल्याशिवाय पहिला घास उचलणार नाहीं.